नको म्हणणाऱ्या माणसाचा रॉड

सासऱ्यांना झटका आला तो सकाळी, चहा पिताना. उजव्या हातातला कप कलंडला, चहा मांडीवर सांडला आणि ते खाली बघत राहिले. चटका बसलाय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसेना, तेव्हा मी ओट्यापासून धावले.

दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडलेला होता. बोलणंही गेलं होतं. एकच शब्द शिल्लक होता, "नको." डॉक्टरांनी समजावून सांगितलं की पप्पांना सगळं कळतं, शब्दही आत आहेत, पण बोलायला गेलं की हा एकच हाताशी लागतो. पाणी हवं असलं तरी नको, नसलं तरी नको. पंखा लावू का, नको. बंद करू का, नको. मुलाचा फोन आलाय, बोलता का? नको, आणि डावा हात फोनसाठी पुढे.

आम्ही तेव्हा बमरोलीत राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नव्हती. नवरा पलसाण्याच्या एका डाइंग हाउसमध्ये रंगाच्या लॅबमध्ये होता. सकाळी निघायचा, परत यायचा तेव्हा त्याच्यात बोलण्याचंही त्राण नसायचं. मी शाळेत शिकवत होते. पप्पांना एकटं ठेवता येईना, म्हणून आधी रजा घेतली, मग बिनपगारी रजा, आणि मग एक दिवस शाळेत जाऊन माझा डबा, छत्री आणि खडूंचा डबा घेऊन आले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. नणंद नंदुरबारला, तिचं घर तिला.

तेव्हापासून घरात आम्ही दोघं. मागच्या गल्लीत कापड विणणारे लूम्स चालायचे, खिडकी लावली तरी त्यांची खडखड फरशीतून पायाला जाणवायची. मी त्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, व्यायाम द्यायचा, पुन्हा निजवायचं. दूध घ्यायला खाली गेले तरी जीव वर टांगलेला. जिन्यात कुणी बोलायला थांबलं की आधी बरं वाटायचं आणि लगेच भीती वाटायची. वर आलं की पप्पा गॅलरीच्या जाळीतून बाहेर बघत बसलेले असायचे. त्या जाळीतून समोरच्या इमारतीची तशीच जाळी दिसायची.

फिजिओथेरपी करायला एक मुलगी यायची. तिनं डाव्या हाताला रबरी चेंडू दिला. पप्पांनी तो फेकला. पुन्हा दिला, पुन्हा फेकला. शेवटी ती मला म्हणाली, "यांना आधी कशाची आवड होती? हाताची काही?"

"मासे," मी म्हणाले. "गळ टाकून बसायचे."

पप्पा पाटबंधारे खात्यात होते. धुळ्याकडून नोकरीसाठी इकडे गुजराती मुलखात आले आणि कालव्यांच्या, धरणांच्या काठानं त्यांचं आयुष्य गेलं. रविवारी ते गळ घेऊन निघायचे. निवृत्त झाल्यावर तापीच्या खालच्या अंगाला जायला लागले, जिथे भरतीचं पाणी आत शिरतं. त्यांना हवा असायचा तो जिताडा. इंग्रजीत त्याला सी बास म्हणतात हे मला नंतर कळलं. तोवर माझ्या लेखी तो फक्त कधीमधी घरी येणारा आणि ओटा खवल्यांनी भरून टाकणारा मासा होता.

आम्ही बोलत होतो तेव्हा पप्पांचा डावा हात वर गेला होता. कपाटाकडे. कपाटावर त्यांची जुनी काठी ठेवलेली होती, चादरीत गुंडाळून. मी काढून दिली. भरीव, जड काठी, तिला मोठं गोल रीळ, आणि रिळाची मूठ उजव्या बाजूला. पप्पांनी काठी मांडीवर घेतली. डावा हात आडवा नेऊन मूठ फिरवायला बघितली. काठी घसरली, जमिनीवर आपटली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग काठी माझ्याकडे ढकलली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

दुपारी ते झोपले की मी मोबाइल बघायची. त्या दुपारी मासेमारीचे व्हिडिओ शोधले. बहुतेक सगळे बासचे, अमेरिकेतल्या तलावांतले. चकचकीत बोटीत उभा राहून एक दाढीवाला माणूस सांगायचा की अशा काठीला हे रीळ, अशा पाण्याला हा दोरा. मी आवाज कमी करून ऐकत होते. एकदा मान वळवली तर पप्पा जागे. उशीवरून माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत होते. मी खाटेची डोक्याकडची बाजू वर केली, मोबाइल दोघांच्या मध्ये धरला. व्हिडिओतला बास गोड्या पाण्यातला, वेगळाच मासा. पण तोही दगडाच्या, लाकडाच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि गळाला लागला की आडोशाकडेच पळतो. जिताडाही तसाच. पप्पांचा चेहरा बघून मला ते कळत गेलं. दाढीवाला एका जागी चुकला असावा, कारण पप्पांनी "नको" म्हणून नाक उडवलं. इतक्या महिन्यांनी ते कुणावर तरी हसत होते.

रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, "पप्पांसाठी नवीन रॉड घ्यायचाय. एका हातानं चालवता येईल असा."

त्याचा घास हातातच राहिला. "कशाला? नेणार कुठं त्यांना? जिन्यावरून पडले तर? जरा शांत राहू दे ना त्यांना."

"तुम्ही शांत म्हणता ते मी दिवसभर बघते," मी म्हणाले. "त्यांचं जाऊ द्या. मला वेड लागेल."

तो ताट उचलून मोरीकडे गेला. पण पुढच्या रविवारी तळमजल्यावरच्या दोघा भावांना वर घेऊन आला. ते लूमवर काम करणारे, आमच्याच खानदेशातले. त्यांनी पप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, एक पुढून, एक मागून, आणि उचललं. "कथा चालनात, बाबा?" थोरल्यानं विचारलं. पप्पा म्हणाले, "नको." दोघं थबकले. "कुठं निघालात असं विचारलंस ना? त्यांना शब्द तेवढाच येतो, निघालेत ते," मी म्हणाले. "चला तुम्ही." दर वळणावर खुर्ची तिरपी व्हायची आणि पप्पांचा डावा हात कठडा घट्ट पकडायचा. तो सोडवायला मी त्यांच्या बरोबरीनं एकेक पायरी उतरत होते.

दुकान नानपुऱ्यात होतं, अरुंद, दोन्ही भिंतींना रॉड उभे केलेले. रिक्षात घडी करून आणलेली व्हीलचेअर उंबऱ्यातच अडकली, म्हणून पप्पा दारात आणि मी काउंटरपाशी. दुकानदार माझ्याशीच बोलत होता. पप्पांना काही विचारायचं झालं की बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडायचा.

मी दाढीवाल्याकडून शिकून आले होते. म्हटलं, ते बसकं, काठीच्या वर बसणारं रीळ दाखवा, डाव्या मुठीचं. त्यानं दाखवलं. देखणं होतं. पप्पांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं चकती फिरवली, दोरा फुगून वर आला आणि क्षणात त्याचा गुंता झाला. त्या गुंत्यावर डावा हात ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोटांनी एक वेढा ओढला, तो आणखी आवळला. मला समजलं. गुंता सोडवायला दोन हात लागतात.

"नको," ते म्हणाले. या वेळी नको म्हणजे नकोच होतं.

मग काठीखाली लटकणारं साधं रीळ आलं, ज्याची मूठ हव्या त्या बाजूला लावता येते. "नको." लांब काठी, "नको." आखूड काठी, "नको." पातळ, जाड, सगळ्याला "नको." दुकानदार एकेक वस्तू परत नेत होता. "बेन, दादा तो सब को ना बोलते हैं," तो म्हणाला आणि पप्पांच्या हातातली काठी घ्यायला वाकला. पप्पांनी ती सोडली नाही. तो हसत हसत ओढायला लागला, पप्पांनी मूठ आणखी आवळली. "नको! नको! नको!" आवाज चढला, मान लाल झाली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. व्हीलचेअरमागे उभा असलेला नवरा खाली बघत म्हणाला, "चल, घरी जाऊ." मलाही त्या क्षणी कुठंतरी पळून जावंसं वाटलं. पण व्हीलचेअर दारात होती आणि मी तिच्या आतल्या बाजूला. तिला ओलांडून जायला जागाच नव्हती.

म्हणून मी खाली बसले आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं सोडून हाताकडे बघितलं. ज्या काठ्या दुकानदारानं सहज परत नेल्या, त्या देताना हात उघडा होता. ही मात्र धरून ठेवलेली.

"ही हवी?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले, आणि मूठ घट्ट.

"द्या ही," मी दुकानदाराला म्हटलं. "आणि आता काही परत न्यायचं असेल तर आधी हात बघा त्यांचा."

त्यानंतर काम सरळ चाललं. काठीचं टोक त्यांनी चौकटीला टेकवून दाबलं. वरचा भाग सहज वाकला, मधला जोर लावल्यावर, आणि मुठीजवळचा हललाच नाही. हलकी, माझ्या डोक्यापेक्षा थोडी उंच. एका हातानं फेकता येईल आणि जिताड्यालाही पुरेल अशी. रीळ मध्यम आकाराचं घेतलं, मूठ डावीकडे बसवून. मासा जोरात ओढायला लागला की दोरा तुटू नये म्हणून रीळ आपणहून थोडा थोडा सोडतं, त्याची चावी ते बराच वेळ कानाशी धरून फिरवत होते.

दोऱ्यावरून आमचं भांडण झालं. मला विणलेला दोरा हवा होता. केसासारखा बारीक आणि तुटायला कठीण, दाढीवाल्यानं शपथेवर सांगितलेला. पप्पांनी माझं बोट धरलं, त्यावरून तो दोरा सर्रकन ओढला. बारीक लाल रेघ उठली. मग साध्या तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या एकेरी दोऱ्याचं, टोक दातात धरलं आणि हातानं ताणलं. ते रबरासारखं थोडं लांबलं आणि परत आलं. त्यांनी दोनदा करून दाखवलं. आमची काठी खुर्चीला बांधलेली असणार होती. माशाच्या झटक्याबरोबर पुढे जायला तिला मनगट नव्हतं. तो झटका कुणीतरी खायचा, तर तो दोऱ्यानं. हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं. दुकानात मी फक्त हात उघडा का बंद ते बघितलं आणि तंगूस घेतलं. टोकाला लावायला जाड तंगूसही घेतलं, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते.

व्हीलचेअरच्या उजव्या हातावर आम्ही प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा तिरका बसवला. काठीचा बुंधा त्यात ठेवला की रीळ बरोबर मांडीवर यायचं. घरात सराव सुरू झाला. पप्पा काठी गुडघ्यांत धरायचे, डाव्या हातानं रिळावरची तार उलटवायचे, दोरा बोटावर घ्यायचे, मग काठी उचलून फेकायचे. शिशाचा गोळा हॉलमधून आतल्या खोलीत जायचा. मी तिथं बादली ठेवली होती. एकदा देवघरातली घंटी पडली, एकदा टीव्हीला ओरखडा गेला. खालून तक्रार आली की वर काय आपटतंय. मी गोळ्याला फडकं गुंडाळलं. फेकलेला गोळा मी उचलून आणायची, ते पुन्हा फेकायचे. दिवसचे दिवस. चेंडू न धरणारा हात आता सुजेपर्यंत चालायचा. माझी कंबर मोडायची, आणि कधी कधी मी आतल्या खोलीत बादलीशेजारी बसून राहायची, गोळा परत न देता. बाहेरून "नको" ऐकू यायचं. तसं बसण्याचा तेवढाच वेळ मला दिवसात मिळायचा.

मग रविवारचे फेरे सुरू झाले. नदीच्या खालच्या अंगाला एक दगडी घाट होता, तिथं खुर्ची उतारानं जवळजवळ पाण्यापर्यंत नेता यायची. तळमजल्यावरचे भाऊ खाली उतरवून द्यायचे, नवरा ओळखीच्याचा टेम्पो आणायचा. गळाला जिवंत कोळंबी लावायचं काम माझं. भरती चढायला लागली की बसायचं, उतरली की निघायचं. कितीतरी रविवार काही लागलं नाही. नवरा उन्हात डुलक्या घ्यायचा. मी खुर्चीचा ब्रेक पुन्हा पुन्हा तपासायची. घरी चार भिंतींत बसायचं ते इथं एका पायरीवर, एवढाच काय तो फरक, असं मला वाटायला लागलं होतं.

ज्या रविवारी लागला त्या रविवारी पाणी गढूळ होतं. काठी एकदम वाकली, रीळ किंचाळल्यासारखं फिरायला लागलं आणि खुर्ची ब्रेकसकट दगडावर घसरली. नवऱ्यानं धावत येऊन मागून पकडली. समोर पाणी फुटलं आणि मासा अख्खा बाहेर आला, पांढराशुभ्र, डोकं झाडत. पप्पांनी मूठ धरली. "नको! नको! नको!"

फिरायला आलेला एक माणूस, आजोबा घाबरले असं समजून, पायऱ्या उतरून धावला. "अरे, दादा गभराय छे! रॉड ले लो उनसे!" त्यानं काठीला हात घातलाच होता.

मी चक्क मराठीत ओरडले, "हात लावू नका! हो म्हणतायत ते!"

तो मागे सरला. पप्पा फिरवत होते. मासा पळाला की थांबत, वळला की फिरवत. डाव्या बाजूला जुन्या भिंतीचे दगड पडलेले होते, मासा तिकडेच निघाला. पप्पांनी रिळाची चावी किंचित आवळली. काठी आणखी वाकली, मासा वळला. मग त्यांचा हात थकला. मूठ निसटली, पुन्हा धरली, पुन्हा निसटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझं मनगट धरलं आणि मुठीवर नेऊन ठेवलं.

मी जोरात फिरवायला गेले. त्यांनी मनगट दाबलं. थांबले. त्यांनी सोडलं, मी फिरवलं. दाबलं, थांबले. तो ओढा खांद्यापर्यंत येत होता. नळाला पाणी येताना पाइप थरथरतो तसं काहीतरी हाताच्या हाडातून जात होतं. मी मोठमोठ्यानं हसत होते की रडत होते ते नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, शिव्या देत होतीस.

नवरा कपड्यांसकट पाण्यात उतरला. "कल्ल्याला हात लावू नका," मी ओरडले. त्यानं टॉवेल टाकून मासा कवेत घेतला आणि वर आणून पप्पांच्या मांडीवर ठेवला. माझ्या हाताएवढा लांब होता. पप्पांनी लुळा उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि माशाच्या पाठीवर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

घरी आलो तर तळमजल्याला कुलूप. दोघे भाऊ कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलेले. इमारतीत दुसरं कुणी उचलणारं मिळेना. आम्ही दोघांनी प्रयत्न केला, पहिल्या वळणापर्यंतही पोचलो नाही, खुर्ची कलली तसे खाली आलो. मग तिघंही जिन्याच्या तोंडाशी बसलो. माशावर घातलेला बर्फ वितळला, बादलीतून वास यायला लागला, मांजरं जमली. पप्पांचे कपडे ओले होते, जिन्यात सगळ्यांदेखत बदलता येईनात. त्यांना लघवीला झाली तेव्हा नवऱ्यानं आणि मी खुर्चीवरची चादर धरून आडोसा केला. येणारे-जाणारे मान वळवून जिना चढत होते. आमचं घर डोक्यावर होतं आणि त्यांना घेऊन आम्हाला तिथं जाता येत नव्हतं. मला रोज वरून निवांत खाली येता यायचं नाही, नवऱ्याला त्या दिवशी बापाला खालून वर नेता येईना. तो कपडे बदलायलाही वर न जाता पायरीवर ओल्या पँटीत बसला होता. संध्याकाळी भावांची रिक्षा गल्लीत वळताना दिसली तेव्हा तो उठत म्हणाला, "खालचं घर बघायला पाहिजे."

मासा मी त्याच संध्याकाळी केला. वास आला होता तरी केला. नवऱ्यानं काटे काढून बापाला भरवला. मी ओट्याशी उभ्यानं खाल्ला.

आता आम्ही नवागामला राहतो, तळमजल्यावर. लूम्स इथं आणखी जवळ आहेत, भिंतीला भिंत लागून. घर आधीच्यापेक्षा लहान आहे आणि ऊन आत येत नाही. पण पप्पांची खुर्ची मी एकटी दाराबाहेर नेऊ शकते. दुपारी शेजारची आजी त्यांच्यापाशी बसते, तेवढ्यात मी पलीकडच्या गल्लीतल्या क्लासमध्ये मुलांना शिकवून येते. शाळेची नोकरी पुन्हा मिळाली नाही. उजवा हातही सुधारला नाही, आता सुधारणार नाही असं ती फिजिओवाली म्हणाली. पावसाळ्यात घाट पाण्याखाली गेला, उघडला तेव्हा पायऱ्यांवर गाळ, खुर्ची रुतायला लागली. गेल्या हिवाळ्यात मात्र जाऊन आलो. काही लागलं नाही.

क्लास सुटला की मुलं अजून काहीबाही विचारत असतात. मी चालता चालता उत्तरं देते. गल्लीच्या वळणावरून आधी आमचं दार दिसतं. खुर्ची बाहेर नसली की मी पळत सुटते. बहुतेक वेळा ऊन लागलं म्हणून आजीनं त्यांना आत नेलेलं असतं. मी चप्पल काढते आणि दिवा लावते, कारण आत दिवसाही अंधार असतो.